लग्न पाहावे करून, म्हण पाहावी उलटून

गेल्या उन्हाळ्यात निपाणीला भाचीच्या लग्नाला गेले होते. भाची म्हणजे माझ्या मामेबहिणीची मुलगी. अक्षता पडल्या, पहिली पंगत उठली आणि कार्यालयाच्या स्वयंपाकघराच्या दाराशी नेहमीचा हिशेब सुरू झाला. आचारी, मांडववाले, वाजंत्री, फुलवाला, सगळे एकामागून एक उभे. मामेबहीण पिशवीतून नोटा काढून मोजत होती. आचारी कन्नड बोलणारे. तिच्या कपाळावरचा घाम पाहून ते हसत म्हणाले, ‘‘अक्का, मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु!’’ त्याच वेळी मुलाकडचे एक आजोबा पानसुपारी घ्यायला तिथे आले होते. त्यांनी काहीही न ऐकता आपल्याच नादात म्हटले, ‘‘खरं आहे हो ताई, घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून!’’

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. एक क्षणभर गप्प, आणि मग दोघेही खो खो हसले. दोघांनी एकच म्हण म्हटली होती, शब्दाला शब्द लावून! एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती, पण लग्नाचा खर्च दोघांनाही चांगलाच ठाऊक होता.

मामेबहीण नोटा मोजता मोजता एवढेच म्हणाली, ‘‘दोन्ही करून पाहिलं हो. एकटीनंच.’’

या वाक्याकडे मी नंतर वळणार आहे. आधी जरा म्हणींविषयी.

दोन वह्या

मी पदवी महाविद्यालयात मराठी शिकवते. दोन वर्षांपूर्वी ‘लोकसाहित्य’ शिकवताना मी मुलांना एक काम दिले. घरी जा, आजी-आजोबा, आई, काकू, शेजारीपाजारी, कोणालाही विचारा आणि लग्न, नवरा-बायको, सासू-सून, माणसाचा स्वभाव यांवरच्या म्हणी लिहून आणा. भाषेची अट नाही. आमच्याकडे वर्गातल्या अर्ध्याअधिक मुलांच्या घरी एक भाषा, गल्लीत दुसरी आणि मोबाइलवर तिसरी असते. ‘पुस्तकातल्या चालतील का?’ असे एकाने विचारलेच. मी म्हटले, नको. ऐकलेल्याच हव्यात.

बघता बघता दोनशे पानी दोन वह्या भरल्या. एक मराठी म्हणींची, एक कन्नड. वह्या शेजारी शेजारी ठेवून वाचायला घेतल्या, तर सीमाप्रश्न पार विसरायला झाला!

मराठी म्हणते, ‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे.’ कन्नड म्हणते, ‘अत्तेगोंदु काल, सोसेगोंदु काल.’ सासूचा एक काळ, सुनेचा एक काळ. आपली म्हण दिवस मोजते आणि कन्नड म्हण सरळ काळाच्याच गोष्टी करते. ज्यांनी सासुरवास भोगला आहे, त्यांना कन्नड म्हण अधिक खरी वाटेल. चार दिवस कुठले हो, वीस-वीस वर्षे!

मराठी म्हणते, ‘घरोघरी मातीच्या चुली.’ कन्नड म्हणते, ‘एल्लर मने दोसेनू तूते.’ सगळ्यांच्याच घरच्या डोशाला भोके असतात! आता चुली गेल्या आणि गॅस आला, त्यामुळे माझ्या वर्गातल्या मुलांना आपली म्हण समजावून सांगावी लागते. डोशाची मात्र कुणाला समजवावी लागत नाही. तव्यावर डोसा घातलेल्या कोणत्याही बाईला विचारा. भोके पडली नाहीत तर तो डोसाच बिघडला म्हणायचे. म्हणजे कन्नड म्हण आपल्यापेक्षा एक पाऊल पुढे आहे. ‘सगळ्यांच्या घरी उणीव असते’ इतकेच ती सांगत नाही. ती उणीव आहे म्हणूनच तो डोसा आहे, असे तिचे म्हणणे.

मराठी म्हणते, ‘आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं.’ कन्नड म्हणते, ‘हेत्तवरिगे हेग्गण मुद्दु.’ जन्म देणाऱ्याला घूसही गोंडस वाटते! घूस म्हणजे बिळातली, लाचेतली नव्हे. (लाचेतलीही काहींना गोंडस वाटते, पण तो विषय वेगळा.) मुलगी दाखवायच्या आणि मुलगा दाखवायच्या कार्यक्रमांना मी जेव्हा जेव्हा बसले आहे, तेव्हा तेव्हा समोरची आई आपल्या मुलाचे गुण सांगत असताना मला ही म्हण आठवते, आणि हसू दाबावे लागते. स्वतःच्या मुलाचे गुण सांगताना मात्र ती अजून एकदाही आठवलेली नाही.

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ला ‘कुणियलारदवळु नेल डोंकु एंदळु’ आहे. ‘दुरून डोंगर साजरे’ला ‘दूरद बेट्ट नुण्णगे’ आहे. ‘खाण तशी माती’ला वडगावच्या विणकर गल्लीत राहणाऱ्या एका मुलीने आणलेली म्हण तर मला फारच आवडली. ‘नूलिनंते सीरे, तायियंते मगळु.’ जसे सूत तशी साडी, जशी आई तशी मुलगी. ज्यांच्या घरात दिवसरात्र माग चालतो, त्यांच्या तोंडी ही म्हण किती चपखल बसते! ती मुलगी म्हणाली, ‘‘मॅडम, आमची आजी ही म्हण चांगली मुलगी बघितली की पण म्हणते आणि वाईट बघितली की पण म्हणते.’’ म्हणीचे सारे सामर्थ्य त्या मुलीने एका वाक्यात सांगितले होते. म्हण दुधारी असते. कोणती धार लावायची ते बोलणारा ठरवतो.

मी नाही म्हणत, म्हण म्हणते!

म्हण का चालते? एक तर ती लहान असते. दुसरे म्हणजे तिला ताल असतो, बहुधा दोन तुकडे असतात आणि दोन्ही तुकड्यांची टोके जुळतात. ‘दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं’ हे एकदा ऐकले की पाठ! पण माझ्या मते खरे कारण तिसरेच आहे. म्हणीला कर्ता नसतो. ‘तुमचा मुलगा लग्नाला फार उतावीळ झालाय’ असे म्हटले तर भांडण होईल. ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ म्हटले तर सगळे हसतील आणि ज्याला लागायचे त्याला बरोबर लागेल. बोलणारा मोकळा. मी कुठे काय म्हटले? म्हण म्हणाली!

‘लेकी बोले, सुने लागे’ ही म्हण म्हणजे सगळ्या म्हणींचे नाव-गाव-पत्ताच आहे. म्हण नेहमी लेकीशी बोलते आणि सुनेला लागते.

आणि म्हणी एकमेकींशी भांडतातही किती! एक म्हण घाई करणाऱ्याला हसते, तर दुसरी ‘वरातीमागून घोडे’ म्हणून उशीर करणाऱ्याला. एक सांगते, ‘एका हाताने टाळी वाजत नाही’, तर दुसरी म्हणते, ‘नावडतीचे मीठ अळणी.’ म्हणजे एकीच्या मते भांडणात दोघांचाही वाटा असतो, आणि दुसरीच्या मते मीठ कितीही घाला, मनात नसेल तर बाई अळणीच ठरते. दोन्ही खऱ्या. म्हण हा कायदा नव्हे. तो साक्षीदार आहे. त्या त्या प्रसंगाचे तेवढे सांगतो आणि उतरतो पिंजऱ्यातून.

माणसाच्या या स्वभावाची नोंद घ्यायला आपल्याकडे पहिले धावले ते साहेब लोक. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती 1831 ची आणि दुसरी 1857 ची. शब्द शोधायला जावे, तर पानोपानी वाक्प्रचार आणि म्हणी भेटतात. मॅनवेअरिंग या मिशनऱ्याने मराठी म्हणींचे स्वतंत्र पुस्तक इंग्रजी भाषांतरासह 1899 साली ऑक्सफर्डहून काढले. कन्नडसाठी तेच काम किटेल या जर्मन मिशनऱ्याने केले. त्याचा कन्नड-इंग्रजी कोश मंगळूरला 1894 मध्ये छापला गेला, आणि त्यातही म्हणींची रेलचेल आहे. हा किटेल आपल्या हुबळी-धारवाड भागातही राहून गेलेला. धर्मोपदेश करायचा तर लोकांच्या मनात काय आहे ते कळले पाहिजे आणि ते कळायचे तर म्हणी कळल्या पाहिजेत, हे या मंडळींनी नेमके ओळखले होते. पुढे य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ केला. त्याचे दोन भाग 1942 आणि 1947 मध्ये निघाले. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तो आहे. कपाटाची किल्ली शोधावी लागते, एवढेच.

प्रेम कुठे गेले?

वह्या वाचता वाचता आणखी एक गोष्ट ध्यानात आली. लग्नावर म्हणी ढीगभर आहेत. सासू, सून, नवरा, जावई, खर्च, मानपान, सगळ्यांवर आहेत. पण प्रेमावर? शोधून शोधून ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’पर्यंत गाडी जाते आणि थांबते. फार तर ‘नव्याचे नऊ दिवस’. पण तिचा रोखही प्रेमावर नाही, ते विटण्यावर आहे!

कन्नड वहीत एक म्हण सापडली, ‘साविर सुळ्ळु हेळि ओंदु मदुवे माडु.’ हजार खोटे बोला, पण एक लग्न जमवा. ही म्हण मध्यस्थाची. खोटे बोलायला तो आणि निभवायला मुलगी. आजकाल मध्यस्थाची जागा विवाहमंडळाने आणि मोबाइलने घेतली आहे. हजार खोट्यांचा आकडा कमी झाला असेल असे मात्र वाटत नाही. फोटोतला रंग पाहून गेलेले किती तरी पाहुणे ‘पी हळद आणि हो गोरी’ पुटपुटत परत येतात.

मग मराठी माणसाला प्रेमावर चटकदार बोलता येतच नव्हते की काय? तसे नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी पैठणच्या सातवाहनांच्या काळात आपल्या भाषेची पूर्वज असलेल्या महाराष्ट्री प्राकृतात ‘गाथासप्तशती’ जन्मली. हाल राजाच्या नावावर असलेला हा सातशे गाथांचा संग्रह. एकेक गाथा दोन ओळींची, आणि त्या दोन ओळींत अख्खे नाटक. गोदावरीचा काठ, पिकलेली शेते, परगावी गेलेला नवरा, दारात आलेला वाटसरू, चतुर मावशी, रागावलेली बायको. यातल्या कितीतरी गाथा बाईच्या तोंडच्या आहेत, आणि ती बाई मुळीच भोळी नाही. ती पाहते, ओळखते आणि टोमणाही मारते. स. आ. जोगळेकरांनी हा ग्रंथ मराठीत सविस्तर विवेचनासह आणला तो 1956 साली. नेमके तेच वर्ष, जेव्हा आपला भाग म्हैसूर राज्यात गेला. हा योगायोग मला उगीचच आठवत राहतो.

मग हे प्रेमाचे बोलणे म्हणीत का उतरले नाही? मला वाटते, गाथा आणि जात्यावरची ओवी हे एकटीचे बोलणे आहे. म्हण हे चारचौघांतले. चारचौघांत प्रेमाचे नाव काढायची सोय नव्हती. चारचौघांत बोलायचे ते व्यवहाराचे, आणि लग्न हा व्यवहार होता. म्हणून म्हणीतला नवरा बाशिंग बांधून येतो, हळद लावून येतो, वरात घेऊन येतो, पण बायकोशी दोन शब्द बोलताना काही दिसत नाही.

एकाच भांड्याला पोचा

आता मामेबहिणीकडे वळते.

कन्नड वहीत एक म्हण चार-पाच मुलांनी लिहून आणली होती. ‘गंड-हेंडिर जगळ उंडु मलगुव तनक.’ नवरा-बायकोचे भांडण जेवून झोपेपर्यंतच! किती छान म्हण आहे. ज्या घरात दोघांना एकमेकांची ओढ आहे, त्या घरात ती अगदी खरी आहे. आमच्याही घरी एक-दोनदा भांडण आमटीपाशी सुरू होऊन भातापाशी संपलेले आहे.

पण ही म्हण वाचताना माझा हात थांबला. ती मी आधी ऐकली होती. 2003 ची दिवाळी. मी नुकतीच एम. ए. होऊन नोकरी शोधत होते. मामेबहीण लग्नानंतर तीन वर्षांनी दोन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन, न कळवता माहेरी आली होती. पहिले दोन दिवस कुणी काही विचारले नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, ‘‘मी परत जाणार नाही.’’

आणि मग म्हणी सुरू झाल्या. आजी म्हणाली, ‘‘चार दिवस सासूचे असतात बाई, मग तुझेच.’’ मामा म्हणाला, ‘‘झाकली मूठ सव्वा लाखाची. गावभर करू नको.’’ शेजारच्या कन्नड अज्जी समजूत घालायला आल्या. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि हीच ती ‘उंडु मलगुव तनक’ची म्हण सांगितली. सगळ्यांनी प्रेमानेच सांगितले, हे मी आजही म्हणेन. कुणी तिचे शत्रू नव्हते.

मी मराठीची एम. ए. मला म्हणी सगळ्यांपेक्षा जास्त येत होत्या. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटले, ‘‘अगं, भांड्याला भांडं लागणारच.’’

ती माझ्याकडे बघत म्हणाली, ‘‘ताई, भांड्याला भांडं लागलं की दोघांनाही पोचा पडतो. इथं एकालाच पडायलाय.’’

मला आठवते, मी हसले. वाक्य किती चटकदार होते! मनातल्या मनात मी त्याला दाद दिली. वाक्य ऐकले, आणि वाक्यात ती काय सांगत होती ते ऐकलेच नाही. तिने डोक्यावरचा पदर कानावर ओढून घेतला होता, तो का, हेही मला विचारावेसे वाटले नाही.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी मामाने तिला बसमध्ये बसवून दिले.

ती परत आली ती दोन वर्षांनी, कायमची. डाव्या कानाने तिला आजही नीट ऐकू येत नाही. फोन नेहमी उजव्या कानाला लावते. पुढे तिने शिवणक्लास काढला, दोन खोल्यांचे घर बांधले, मुलीला शिकवले. ‘दोन्ही करून पाहिलं, एकटीनंच’ या वाक्यामागे हे सगळे आहे.

तक्रार कुणाकडे?

मराठी वहीत एका मुलीने शेवटच्या पानावर एक म्हण लिहिली होती. ‘नवऱ्याने मारलं नि पावसानं झोडपलं, तर तक्रार कुणाकडे?’ आणि खाली पेन्सिलीने, ‘मॅडम, या म्हणीचं उत्तर काय?’

वर्षानुवर्षे मी ही म्हण ‘स्त्रीच्या सोशिकतेचे उदाहरण’ म्हणून शिकवत आले. परीक्षेत तशीच उत्तरे लिहून घेतली. त्या मुलीने पेन्सिलीने विचारले तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले, की ही म्हण म्हणजे एक प्रश्न आहे. तिच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे! ‘सोसा’ असे ती कुठेच म्हणत नाही. कधी तरी कुठल्या तरी बाईने भिजलेल्या अंगाने चारचौघांना विचारले असेल, की सांगा, जाऊ कुणाकडे? कुणाकडे उत्तर नव्हते. मग लोकांनी प्रश्नचिन्ह पुसले आणि तिचा उपदेश करून टाकला. तिचे बोलणे तिच्याच नातींना गप्प बसवायला वापरले.

उत्तर आता आहे. पाऊस तसाच आहे, पण दुसऱ्या अर्ध्या भागाचे उत्तर आहे. नवऱ्याच्या आणि सासरच्या छळाविरुद्ध कलम 498-अ दंडसंहितेत आले 1983 मध्ये. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत त्याची जागा कलम 85 ने घेतली आहे. त्याहून महत्त्वाचा वाटतो तो 2005 चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा. तो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. त्यात मारहाण तर आहेच, पण घालूनपाडून बोलणे, पैसे अडवून धरणे यांनाही हिंसा म्हटले आहे. बाईला घराबाहेर काढता येत नाही. राहत्या घरात राहण्याचा तिचा हक्क या कायद्याने मानला आहे. तक्रार घ्यायला संरक्षण अधिकारी असतो, आदेश द्यायला न्यायदंडाधिकारी. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिची मिळकत कितीही असो. आणि 181 हा महिलांसाठीचा मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे.

मी त्या मुलीला हे सगळे सांगितले. तिने लिहून घेतले. कुणासाठी, ते मी विचारले नाही. पण या वेळी एवढे मात्र म्हटले, ‘‘केव्हाही लागलं तर माझ्याकडे ये. तास चालू असला तरी ये.’’ तिने मान हलवली. पुढच्या आठवड्यात ती खरेच आली, आईला घेऊन. त्यापुढचे त्यांचे खासगी आहे.

नव्या म्हणी

म्हणी टाकून द्याव्यात, असे मी मुळीच म्हणणार नाही. भाषेचे ते मीठ आहे. पण मीठ पानाच्या डाव्या बाजूला वाढतात, जखमेवर नव्हे. कन्नड वहीत एक शहाणी म्हण आहे, ‘ऊट बल्लवनिगे रोगविल्ल, मातु बल्लवनिगे जगळविल्ल.’ ज्याला जेवायचे कसे ते कळते त्याला रोग नाही, ज्याला बोलायचे कसे ते कळते त्याला भांडण नाही. मी त्यात आपली भर घातली आहे. ज्याला ऐकायचे कसे ते कळते, त्याला म्हणीची गरज नाही.

सत्र संपताना मुलांना म्हटले, आता तुम्ही नव्या म्हणी करा. लाजत लाजत सुरुवात झाली, मग आवरता आवरेनात. त्यातल्या काही इथे देते :

स्टेटसला जोडी, घरात कोंडी.

गुण जुळले छत्तीस, सूर जुळेना एकीस.

हॉल घेतला एसी, हप्ते फेडतो देशी.

सासूचा फोन, सुनेचे मौन.

लग्न करावं पाहून, माहेर ठेवावं राखून.

आधी ऐका, मग म्हण फेका.

शेवटच्या दोन मुलींच्या. मराठी वहीच्या शेवटच्या पानावर मी माझ्या हाताने एक जोडली, ‘भांड्याला भांडं लागलं तर पोचा दोघांना.’ पुढे कंसात ‘निपाणी’ असे लिहिले. संकलकाने ठिकाण लिहायचे असते.

त्या लग्नात पाठवणीची वेळ झाली. वाजंत्री वाजत होती, बायका डोळे पुसत होत्या. ओटी भरून झाली. आजूबाजूच्या काकू-मावश्या नवरीच्या कानात आपापले शहाणपण सांगत होत्या. मी जवळच उभी होते, त्यामुळे एक-दोन म्हणी मलाही ऐकू आल्या. मामेबहीण सर्वांत शेवटी पुढे आली. मला वाटले, आता हीही काहीतरी सांगणार. तिने पिशवीतून दोऱ्यात ओवलेली एक किल्ली काढली आणि मुलीच्या हातात ठेवून तिची मूठ मिटली.

‘‘घराची आहे. कधी पण ये. दार वाजवायचं नाही.’’

एवढेच. ना ताल, ना यमक, ना कोटी. तिथे उभ्या असलेल्या आजोबांना नीट ऐकू आले नाही, म्हणून त्यांनी मला विचारले, ‘‘काय म्हणाल्या हो ताई? कुठली म्हण सांगितली?’’

मी म्हटले, ‘‘नाही हो, म्हण नाही. किल्ली दिली.’’